तालुक्याच्या कॉलेजातून ओपन सोर्समध्ये: नकाशा, भाषांतर की कोड?

दिग्रस, आर्णी, मूल अशा गावच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचा ओपन सोर्स गट, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअर-नकाशांवर मिळून काम करणारा गट, काढायचा ठरला की सुरुवात बहुधा गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटपासून होते. वाटा मात्र तीन आहेत: नकाशा, भाषांतर आणि कोड. त्यातली एक निवडताना आधी एवढंच बघा: पोरांचं पहिलं काम कुणाच्या मंजुरीवर अडकून पडणार आहे?

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या खुल्या नकाशावर कुणाच्याच नाही. बदल जतन केला की तो थेट नकाशाच्या डेटात जातो, म्हणून नवख्यांसाठी आमची पहिली पसंती हीच. स्ट्रीटकम्प्लीट हे अँड्रॉइड ॲप 'रस्ता डांबरी की कच्चा' असे साधे प्रश्न विचारतं. परिसराचा डेटा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसली तरी चालतं, उत्तरं घरी येऊन पाठवायची. पण पांदण रस्ते, पोड (आदिवासी वस्त्या), तांडे, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव नव्याने काढायचे तर संगणकावर आयडी हा नकाशाचा एडिटर उघडावा लागतो. उपग्रहचित्रावर पांदणीची रेघ ओढून तिला 'ट्रॅक' हा प्रकार द्यायचा. तलावाची सीमा आखताना चित्र उन्हाळ्यातलं असेल तर पाणी आटलेलं दिसतं आणि तलाव निम्माच आखला जातो, तेव्हा पाळ कुठवर आहे ते जागेवर जाऊन पाहा. नावं गूगल मॅप्सवरून उचलू नका. परवान्यात ते बसत नाही आणि असे बदल काढून टाकले जातात. गावातल्या जाणत्या माणसांना विचारा. पांदणी फिरायला दिवाळीनंतरचे दिवस बरे, पावसाळ्यात चिखलातून पाय निघत नाही.

भाषांतराला ब्राउझर पुरतो: फायरफॉक्ससाठी पाँटून, लिबरऑफिससाठी वेबलेट या भाषांतराच्या साइट आहेत. पाँटूनवर नवख्याचं वाक्य आधी नुसती सूचना म्हणून नोंदलं जातं, तपासनीसाने मान्य केल्यावरच पुढे जातं. म्हणून मराठीच्या पानावर अलीकडे काही मंजूर झालंय का, ते आधी पाहा. तिथे सामसूम असेल तर पोरांचा हुरूप आठवडाभरात संपतो. महिरपी कंसातला भाग किंवा टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं. त्या जागी प्रोग्रॅम नाव किंवा आकडा भरतो. मशीनचं भाषांतर न वाचता चिकटवू देऊ नका.

कोडची वाट सर्वांत खडतर. तिसऱ्या वर्षाची दोन-चार पोरं आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) येणारं एक माणूस असेल तरच धरा. गिट क्लोन, म्हणजे प्रकल्पाचा कोड उतरवून घेणं, मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मोबाइल डेटावर क्लोनच्या आज्ञेला 'डेप्थ १' लावून फक्त शेवटची आवृत्ती घ्या, किंवा एकाने पूर्ण क्लोन करून पेनड्राइव्हवर वाटा. 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांना जमेल असं काम) लेबलच्या एकाच कामावर सगळ्या वर्गाने उडी घेतली की प्रकल्प सांभाळणारे वैतागतात. एक काम, एक विद्यार्थी, आणि सुरू करण्याआधी तिथे विचारणं. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात २०२० मध्ये टी-शर्टसाठी रीडमीतले (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमधले) शब्द बदलून पुल रिक्वेस्टचा (बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा) इतका पूर आला, की तेव्हापासून स्वतःहून सामील झालेलेच प्रकल्प मोजले जातात. आणि लॅबच्या सामाइक संगणकावर गिटमधलं नाव-ईमेल प्रत्येक रिपॉझिटरीपुरतं (प्रकल्पाच्या फोल्डरपुरतं) वेगळं भरायला लावा. नाहीतर आधी बसलेल्याच्या नावावर कमिट (बदलाची नोंद) जातं आणि ज्याने काम केलं त्याच्या खात्यावर काहीच दिसत नाही.