चलान खरं होतं, नावं नव्हती

ज्या लेबर कॉन्ट्रॅक्टरवर भरवसा ठेवला, त्याने मला १३ लाख २० हजार ७०९ रुपये ५० पैशांना बुडवलं. पन्नास पैसे मुद्दाम लिहिले, मीही सोडणार नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड, जिथं कुठं तुम्ही पाच-पंचवीस माणसं ठेक्यावर चालवता, तिथं हे वाचा. ठेकेदार पीएफ खातात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. म्हणून तर दर महिन्याला पीएफ भरल्याचं चलान घेतल्याशिवाय मी बिल पास करत नव्हतो. तो दर महिन्याला चलान द्यायचा आणि ते चलान खरं असायचं. सगळा डाव त्यातच होता.

वाळूजला माझं छोटं प्रेस शॉप आहे, दुचाकीच्या पार्टचं जॉबवर्क. ऑर्डर वाढली की माणसं कमी पडतात, ऑर्डर बसली की माणसं बसून. त्यात मस्टर, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कामगारांचा दवाखान्याचा विमा) बघणारा पोरगा मोठ्या कंपनीत निघून गेला. मग एमआयडीसीत निम्मे लोक करतात तेच केलं. नऊ जण स्वतःच्या रोलवर ठेवले आणि १८ जण ठेकेदाराकडं दिले.

हा गेवराईकडचा. वडील ऊसतोडीचे मुकादम, म्हणजे माणसं गोळा करायची विद्या घरातलीच. बोलायला लई गोड. ‘भाऊ, तुम्ही प्रॉडक्शन बघा, कागदाचं टेन्शन माझं.’ माणशी हजार रुपये कमिशन. दुसरा चौदाशे मागत होता. आता जो तो मला ऐकवतो की स्वस्ताला भुललास. महिन्याला ७,२०० रुपयांचा फरक, त्यापायी कोण कारखाना पणाला लावील? त्याने दोन कंपन्यांचे नंबर दिले होते, दोन्हीकडं मी स्वतः बोललो. ‘माणूस चांगला आहे, टायमावर माणसं देतो,’ हेच ऐकलं. त्यातल्या एका मालकाला आज माझ्यासारखीच नोटीस आहे. त्याला तरी काय माहीत होतं!

हिशेब देतो, तुमच्या बिलाशी ताडून बघा. पगार माणशी १३,०००, अठरा जणांचे २,३४,०००. मालकाचा पीएफ सगळे चार्जेस धरून १३ टक्के, ३०,४२०. मालकाचा ईएसआय सव्वातीन टक्के, ७,६०५. कमिशन १८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५२,२०४ रुपये ५० पैसे. एकूण महिन्याला ३,४२,२२९ रुपये ५० पैसे. शिवाय पोरांच्या पगारातून तो माणशी १,५६० पीएफ कापायचा. पगार मात्र दहा तारखेच्या आत खात्यावर, एकदाही चुकला नाही. पगार चुकला की पोरं बोंबलतात, पीएफ चुकला तर बोंबलत नाहीत, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

पहिले दोन महिने त्याने पीएफ, ईएसआय सगळं भरलं. पुढचे अकरा महिने एक रुपया नाही.

आणि चलान? त्याच्या एका पीएफ कोडवर, म्हणजे पीएफ ऑफिसातल्या त्याच्या फर्मच्या नंबरावर, आणखी तीन कंपन्यांची माणसं होती. सगळ्यांचं मिळून एकच चलान निघायचं. त्यावर पीएफ, पेन्शन, विमा अशा खात्यांच्या एकूण रकमा असतात, सभासदांचा एकूण आकडा असतो, नाव एकाचंही नसतं. ‘तुमचे अठरा यातच आहेत भाऊ.’ मी टीआरआरएन, म्हणजे चलानावरचा त्या भरण्याचा नंबर, पीएफच्या साईटवर टाकून बघायचो. पैसे जमा झाल्याचं दिसायचं. अजून काय बघायचं माणसानं? ज्यांना आम्ही माल देतो त्या कंपनीचा ऑडिटर आला, त्यानेही तेच चलान बघून टिक मारली. त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही, फक्त मला म्हणतात.

चलानामागं ईसीआर असतो. कोणाच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम नंबरावर, किती पगार धरला आणि किती पीएफ टाकला, त्याची नाववार यादी. ती मी मागितली होती, एकदा नाही, बऱ्याचदा. आणि हे उत्तर मला आजही झोपेत ऐकू येतं: ‘भाऊ, त्यात दुसऱ्या कंपन्यांच्या पोरांचे नावं, आधार, सगळं असतंय. तुमच्या पोरांचा डेटा मी दुसऱ्या शेठला दाखवला तर चालंल का तुम्हाला?’ मी गार! उलट वाटलं, वा, माणूस नियमानं चालतो. अरे, ईसीआरमध्ये आधार नंबर नसतोच! आणि दुसऱ्यांची नावं झाकून आपल्या अठरा ओळी द्यायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. तो त्या पाच मिनिटांसाठी अकरा महिने टाळत राहिला. यादी न देणाऱ्या ठेकेदाराचं बिल त्याच दिवशी थांबवा. कारण काहीही सांगू द्या.

दुसरी खूण पोरांकडून आली होती. माजलगावचा एक ऑपरेटर म्हणाला, ‘शेठ, पासबुकात दोनच महिने दिसायलेत.’ मी ठेकेदाराला फोन लावला, त्याने सांगितलं सर्व्हरचा प्रॉब्लेम. पीएफची साईट कशी चालते हे ज्याने वापरली आहे त्याला विचारा. पासबुक उघडेना, पासवर्ड घेईना, हे तर रोजचंच. सर्व्हर डाऊन म्हटल्यावर कोण अविश्वास दाखवील?

परतूरचा एक पोरगा काम सोडून गेला, पीएफ काढायला बसला आणि भांडं फुटलं. त्याचा फोन आला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्यायला लावला. दोन रिंगा होऊन फोन आपोआप कटतो आणि मेसेज येतो, त्यात शिल्लक आणि शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा ते असतं. डबे उघडे तसेच राहिले. एकेकाचा फोन टुंग वाजायचा, तो मेसेज वाचून महिना सांगायचा. सगळ्यांचा महिना एकच. रांजणगावात खोली करून राहणारा एक जण हिशेब करत होता, १,५६० गुणिले ११, सतरा हजार एकशे साठ. पोरं ठेकेदाराकडं बघत नव्हती, तो तिथं नव्हताच. माझ्याकडं बघत होती.

तुमची पोरं हा मिस्ड कॉल दर महिन्याला देतात का? पंधरा तारीख ही पीएफ भरायची शेवटची मुदत. त्यानंतर आठवडाभरानं द्यायला लावा. यूएएनला मोबाईल जोडलेला नसेल तर आधी तो जोडून घ्या.

आता अकरा महिन्यांचं बुडालेलं, मालकाचा आणि पोरांचा वाटा मिळून. पीएफचे ५८,५०० महिन्याला, म्हणजे ६,४३,५००. ईएसआयचे ९,३६० प्रमाणे १,०२,९६०. ईएसआयचं तर एकाला दवाखान्याच्या खिडकीवर कळलं, आईला घेऊन गेला होता, कार्ड बंद. राहिला जीएसटी. बिलं माझ्या टू-बी मध्ये, म्हणजे जीएसटीच्या साईटवरच्या खरेदीच्या यादीत, व्यवस्थित दिसत होती, म्हणून मी इनपुट घेतलं, म्हणजे त्याला दिलेला जीएसटी माझ्या भरण्यातून वजा केला. पठ्ठ्यानं तिकडं खोट्या बिलांचं इनपुट दाखवून रोखीत काहीच भरलं नव्हतं. त्याचं रजिस्ट्रेशन मागच्या तारखेपासून रद्द झालं आणि माझ्या दारात नोटीस आली: ५,७४,२४९ रुपये ५० पैसे परत करा, १८ टक्के व्याजासह. तो जीएसटी मी त्याला बँकेतून भरलेला आहे, माझ्याकडं स्टेटमेंट आहे. आता तोच सरकारला पुन्हा भरा म्हणे.

आता यंत्रणेचं ऐका. पीएफवाल्यांचं म्हणणं, तुम्ही मूळ मालक, ठेकेदारानं भरलं नाही तर तुम्ही भरा, नंतर त्याच्याकडून वसूल करा. वर १२ टक्के व्याज, वर दंड. कायदा तसा आहे हे मला मान्य. पण त्याच्या कोडवर अठरा सभासद एका महिन्यात एकदम गायब झाले, हे तुमच्या कॉम्प्युटरला दिसत नाही? पोरांच्या तक्रारी ऑनलाइन टाकल्या तर ‘निकाली’ असा शेरा मारून बंद. निकाल काय लागला, ते कोणी सांगेना. कामगार खात्यात गेलो तर त्याचा परवानाच नाही, कारण महाराष्ट्रात ५० पेक्षा कमी माणसांना तो लागत नाही. त्याने प्रत्येक कंपनीत पन्नासच्या आत माणसं ठेवली होती, ती काय योगायोगानं?

पोलीस ठाण्याचं तर विचारूच नका. ‘तुमचा व्यवहार दिवाणी आहे, कोर्टात जा.’ मी म्हटलं, साहेब, कामगाराच्या पगारातून पीएफ कापून भरला नाही तर तो फौजदारी विश्वासघात, कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय, पूर्वी ४०५, आता न्याय संहितेत ३१६. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच आरोपी. अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नाही. नंतर विचारायला गेलो तर तपास अधिकारी बदलून गेलेले. नव्यांनी विचारलं, ‘तुम्ही पैसे दिलेच कशाला?’ म्हणजे हेही माझ्यावरच! पोरांना बरोबर घेऊन गेलो तर म्हणे गर्दी करू नका.

आता मी पगार थेट पोरांच्या खात्यावर टाकतो आणि ठेकेदाराला फक्त कमिशन. पीएफ-ईएसआयचा भाग मागच्या महिन्याच्या नाववार यादीनंतरच सुटतो. वकील सांगतात की असं केलं तर ठेका दिखाऊ ठरू शकतो, म्हणजे पोरं माझ्याच रोलवरची धरली जातील. ठरू दे. करार करताना तुम्ही तुमच्या वकिलाला विचारून घ्या, पण पीएफचा पैसा आंधळेपणानं सोडू नका. आणि ‘फॅक्टरीसाठी वेगळा कोड किंवा वेगळं चलान काढतो का’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा. जो काढतो त्याला चौदाशे द्या, पंधराशे द्या.

माझावाला सध्या शेंद्र्याला माणसं पुरवतो असं कळलंय, नवी फर्म, घरातल्या बाईच्या नावावर. जीएसटी नंबरातलं तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचं अक्षर म्हणजे फर्मचा पॅन. तो नवा कोरा असेल, फर्म चार-सहा महिन्यांची असेल आणि माणूस मात्र ‘बारा वर्षांचा अनुभव’ सांगत असेल, तर ती बारा वर्षं कोणत्या पॅनवर काढली ते त्याला विचारा.