शिवराई कुठून घ्यावी : जुना बाजार की नाण्यांचं प्रदर्शन?

शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यांचा, नाद लागलेल्या पुणेकरापुढे दोन वाटा असतात. एक मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार, दुसरी अधूनमधून भरणारी नाण्यांची प्रदर्शनं. मी दोन्हीकडे बरीच वर्षं पैसे घातले आहेत, म्हणून लिहितो.

बाजाराची ओढ मोठी. पथारीवर मोडीतल्या नळांशेजारी तांब्याच्या नाण्यांचा ढीग असतो. ब्रिटिश पाव आणे बाजूला सारत जावं आणि एकदम एखाद्या जाड, वेड्यावाकड्या नाण्यावरचा ‘रा’ बोटाला लागावा, हे सुख प्रदर्शनात मिळत नाही. शिवराईचा ठसा बहुधा नाण्याहून मोठा असे. त्यामुळे एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचं ‘छत्रपति’ पूर्ण उमटलेलं नाणं क्वचितच भेटतं. कुठे ‘श्री’ अर्धाच, कुठे कडेच्या ठिपक्यांच्या माळेतले चारच ठिपके. हे जुळवत बसण्यात सकाळ कशी जाते कळत नाही. भाव परवडतात, आणि दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली शिवराई, तर थोड्या चिकाटीने मिळतेच.

प्रदर्शनातला व्यापारी ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ हे सगळे फरक ओळखून असतो आणि त्याचे पैसे लावतो. नवलाने सापडावं असं तिथे फारसं उरत नाही. पण नाणं काट्यावर ठेवून दाखवतात, भिंगाखाली निवांत बघू देतात, पावती देतात. ओतीव नकली नाणं कडेवरच्या सांध्याच्या रेषेवरून, बारीक छिद्रांवरून आणि बोथट अक्षरांवरून कळतं, पण त्यासाठी उजेड लागतो आणि वेळ लागतो. नकली माल दोन्हीकडे येतो. फरक एवढाच की प्रदर्शनात घेतलेलं परत कुणाकडे न्यायचं ते माहीत असतं.

माझं मन वळलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. एका रविवारी बाजारात मला गडद तपकिरी, कुणी हात न लावलेली शिवराई दिसली. ‘राजा शिव’ स्वच्छ, वेलांटीसुद्धा जागेवर. खिशात पुरेसे पैसे नव्हते. विक्रेता ओळखीचा, म्हणाला, “ठेवतो, बुधवारी या.” बुधवारी त्याने मोठ्या प्रेमाने नाणं पुढे केलं : “साहेब, तुमच्यासाठी ॲसिडमध्ये टाकून चकाचक केलंय.” नाणं गुलाबी झालं होतं. अक्षरांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या, ठिपक्यांची माळ जवळजवळ पुसली होती. तांब्यावरचा तो थर तयार व्हायला तीनशे वर्षं लागली असतील. गेला तो गेला. त्या माणसाचा राग आला नाही, कारण चकाकणारं नाणं लवकर खपतं हा त्याचा रोजचा अनुभव. पण त्यानंतर प्रत्येक ढिगात मला घासलेली नाणीच दिसू लागली. चिंच, राख, तारेचा ब्रश, काय वाटेल ते. प्रदर्शनातल्या माझ्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे नाणं निदान जसं निघालं तसं मिळतं. तुमचा अनुभव कदाचित वेगळा असेल, मी माझ्यापुरतं सांगतो : पहिली शिवराई घेणाऱ्याने चार पैसे जास्त मोजून न घासलेलं नाणं घ्यावं. एकदा ते हातात धरलं की डोळा आपोआप तयार होतो.

तिसरी वाट कुणी सुचवेल, मेटल डिटेक्टर घेऊन गडावर जाण्याची. ती पूर्णपणे विसरा. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा 1878 चा कायदा आहे. शिवाय नाणं मातीतून उपटलं की ते कोणत्या थरात, कशाशेजारी होतं हे कायमचं हरवतं. आणि परदेशातल्या मुलाला भेट म्हणून शिवराई पाठवायचा विचार असेल तर तोही नको. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

अडकित्ते, कुलपं, जुनी वजनं यांसाठी मात्र मी आजही जुन्या बाजारातच जातो. केळकर संग्रहालयातले अडकित्ते आधी एकदा नीट बघून घ्यावेत आणि मग बुधवार गाठावा. रविवारच्या गर्दीत वस्तू उलटीपालटी करून बघायला जागाच मिळत नाही.