गुडघ्यांचा दवाखाना, वर अठरा पायऱ्या

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला, "झीज आहे, पण ऑपरेशनची वेळ नाही," म्हणाले आणि गोळ्यांच्या वर ठळक लिहिलं : व्यायाम. दुखतं म्हणून आले तर हे म्हणतात हलवा! तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेय, अजून काय हलवू?

तरी सदाशिव पेठेतल्या एका फिजिओथेरपी केंद्रात नाव घातलं. बारा वेळांचे 6,000 रुपये, तेही आगाऊ. जागा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पेशंट सगळे गुडघेदुखीचे, हे जागा घेताना कुणाच्या लक्षात आलं नसेल का?

पहिले दोन दिवस मशीनवरच गेले. गुडघ्याला पट्ट्या, वीस मिनिटं मुंग्या, आणि लावणारी मुलगी मोबाइलमध्ये. घरी आले की दुखणं होतं तिथेच.

तिसऱ्या दिवशी रजेवरून मोठ्या ताई आल्या आणि मशीन बाजूला सारलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, मांडी घट्ट, दहापर्यंत मोजायचं. "काकू, श्वास कोंडू नका, मोठ्यानं मोजा." जन्मभर पोरांकडून पाढे म्हणून घेतले, आता माझी पाळी. दाबता दाबता त्या सांगत होत्या : कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातल्या वंगणावरच ती पोसते, म्हणून हालचाल हवी. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं असलं किंवा सूज आली तर आकडे कमी करायचे. वजन एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार कमी. माझं तीन उतरलंय, गुणाकार मी लगेच केला.

खुर्चीतून हात न टेकता उठायचं, हे सगळ्यात अवघड. आधी बुडाखाली दोन उशा घेतल्या, पाचव्या आठवड्यात एक, आता एकही नाही. पर्वतीच्या 103 पायऱ्यांचं विचारलं, तर ताई नुसत्या हसल्या.

मशीनच्या दोन दिवसांचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

जाणार असाल तर सकाळी साडेआठची वेळ मागा, ताई तेव्हा असतात. जिन्यात चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा. आणि वरच्या तीन पायऱ्यांना कठडा नाही.