नऊ महिने, ४,३०० किलोमीटर आणि गिरणाऱ्याच्या पुढचा रस्ता

गेल्या जूनपर्यंत माझी माघारी फिरायची जागा ठरलेली होती. नाशिकमधून निघायचं, गंगापूर, दुगाव करत गिरणारे गाठायचं, टपरीवर दोन चहा मारायचे आणि घरी. त्यापुढची धोंडेगाव, वाघेरा घाट, हरसूल ही नावं पाठ होती, पण तो रस्ता फक्त मोटारसायकलवरून पाहिलेला. माझी जुनी हायब्रिड सायकल चौदा किलोची, सरळ हँडलची. तासाभराने तळहात बधिर व्हायचे, आणि हिवाळ्यात परतीला पूर्वेचा वारा तोंडावर आला की दुगावपासून घर येता येत नसे.

जूनमध्ये रोड सायकल (खाली वळलेल्या हँडलची, पातळ टायरची) घेतली. आता मार्च चालू आहे आणि मीटरवर ४,३०० किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या टप्प्यात सगळ्यांचा माल थोड्याफार फरकाने सारखाच येतो: ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा पुढचा फोर्क, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे पेडलपाशी ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं, मागे नऊ गिअर. वजन साडेदहा किलो. बसणं फार वाकून नाही, चाळिशीतल्या पाठीला झेपेल असं. गावोगावी पहिला प्रश्न एकच असतो, ‘केवढ्याला पडली?’ आणि खरा आकडा सांगितला की त्यावरचं उत्तरही ठरलेलं, ‘एवढ्यात तर गाडी आली असती!’ मी आता निम्मी किंमत सांगतो. तरी गाडीच येते.

आधी फजिती सांगतो. पहिल्याच आठवड्यात वाघेरा घाटात उतरून सायकल ढकलावी लागली. जुन्या हायब्रिडवरून मी चढावर कधीच उतरलो नव्हतो, याचा मला फार अभिमान होता. नंतर लक्षात आलं की उतरायची वेळ येईल इतक्या लांब मी तिच्यावर गेलोच नव्हतो. शिवाय हायब्रिडला पुढे तीन चक्रं, त्यातलं सगळ्यात लहान अगदी हलकं. नव्या सायकलला मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, ११-२८ ची होती: सगळ्यात लहान चक्र ११ दात्यांचं, सगळ्यात मोठं २८ चं. दुकानात वजन विचारलं, रंग विचारला, फ्रेमची वॉरंटी विचारली. मागचं सगळ्यात मोठं चक्र किती दात्यांचं, हे विचारायचं सुचलं नाही.

हिशेब सोपा आहे. पुढे ३४ आणि मागे २८ असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारायचे, म्हणजे गुडघ्याला बरं वाटेल असे, तर ताशी नऊ किलोमीटरच्या वर वेग राखावा लागतो. माझ्यासारख्या ७४ किलोच्या माणसाला खड्या चढावर तो राखता येत नाही. मग फेरे चाळीसवर येतात, सगळा भार गुडघ्यावर जातो आणि पुढच्या वळणावर माणूस खाली उतरतो. मागे ३४ चं चक्र असेल तर तेच साठ फेरे पावणेआठच्या वेगात निघतात. कागदावर दीड-पावणेदोन किलोमीटरचा फरक. घाटात तो चालत जाणं आणि बसून जाणं यातला आहे.

कॅसेट बदलायला गेलो तर कळलं की नुसती कॅसेट बदलून भागत नाही. मागचा डिरेलर, ज्याला सगळे आरडी म्हणतात, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेतो; त्याचा चेन ताणून धरणारा पिंजरा आखूड होता. त्याला ३४ चं चक्र झेपत नाही, म्हणून लांब पिंजऱ्याची आरडी, ११-३४ ची कॅसेट आणि थोडी लांब चेन असा साडेसहा हजारांचा फटका बसला. हेच घेतानाच सांगितलं असतं तर दुकानदाराने फरकाच्या पैशात करून दिलं असतं, असं तो नंतर हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

पण ऑगस्टच्या मध्यावर त्याच घाटात बसल्या बसल्या वर पोहोचलो. ढग रस्त्यावर उतरलेले, दोन्ही बाजूंनी पाणी वाहतंय आणि वर टपरीवाली मावशी म्हणते, ‘दादा, पावसाचं कशाला आले?’ या घाटाची एक गंमत मला सायकलमुळेच नीट कळली. अलीकडच्या उतारावर पडलेला थेंब कश्यपीतून गोदावरीत जातो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. पलीकडचा दमणगंगेच्या खोऱ्यात उतरून अरबी समुद्राला. मोटारसायकलवर हे दोन मिनिटांत मागे पडतं. सायकलवर तो माथा आपल्या पोटऱ्यांनी मोजलेला असतो, त्यामुळे चहा घेताना माणूस एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघतोच.

ब्रेकची मात्र तक्रार आहे. केबलचे डिस्क ब्रेक कोरड्यात उत्तम, पण सोबत आलेले रेझिनचे पॅड एका पावसाळ्यात संपले. जुलै-ऑगस्टमध्ये ११०० किलोमीटरही टिकले नाहीत. लाल माती आणि पाणी मिळून त्याचं घासकागदासारखं मिश्रण होतं आणि प्रत्येक ब्रेकला पॅड खरवडून निघतो. एकदा हरसूलकडे उतरताना लिव्हर थेट हँडलला टेकला. त्या दिवसापासून आत मेटलचे पॅड टाकलेत. ओले झाले की किंचाळतात आणि कुत्री दचकतात, जी एका परीने सोयच आहे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पॅड किती उरलाय ते पाहायचं आणि केबलचा बॅरल पाव फेरा फिरवून ताण घ्यायचा, एवढी सवय लावून घेतली.

ब्रेकची खरी परीक्षा सप्तशृंगी गडावर झाली. नांदुरीपासून वर दहा-एक किलोमीटरचा घाट. साडेतीन शक्तिपीठांतलं हे अर्धं पीठ, चढणाऱ्याला मात्र पूर्ण हिशेब चुकवावा लागतो. चढताना ३४ चं चक्र होतं म्हणून निभावलं. उतरताना एसटी पुढे, खासगी बस मागे, आणि सतत ब्रेक दाबून धरल्यामुळे डिस्क इतकी तापली की वास यायला लागला. दोनदा कडेला थांबलो. तेव्हापासून ब्रेक धरून ठेवत नाही. वळणाच्या आधी जोरात दाबायचा, सोडायचा, डिस्कला वारा लागू द्यायचा.

टायर २८ मिलिमीटर रुंदीचे आले होते. दुकानात ८५ पीएसआय हवा भरून दिली, दगडासारखी. शहरातल्या डांबरावर छान वाटलं. तालुक्यातल्या रस्त्यावर, जिथे डांबर आणि खडी एकमेकांशी भांडून वेगळी राहायला गेलीत, तिथे दात वाजायचे. दिवाळीत ३२ चे टायर टाकले (फ्रेममध्ये जागा आहे का ते आधी बघा, सगळ्यांत नसते) आणि मागे ६५, पुढे ६० हवा ठेवायला लागलो. सरासरी वेग कमी होईल ही भीती होती. झाला नाही, लांबच्या फेरीत उलट थोडा वाढला, कारण शेवटच्या तीस किलोमीटरला हात-पाठ शाबूत असते. ३२ चे टायर सायकलबरोबरच आले असते तर बरं झालं असतं.

नऊ महिन्यांत पंक्चर अकरा. घाटाकडच्या रस्त्यावर जवळपास नाहीतच. सगळी निफाड-सिन्नरच्या बाजूला, कारण तिकडे शेताला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आणि वाऱ्याने त्यातले काटे रस्त्यावर. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा असतात, त्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत. काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब टाकू नका. मी टाकली आहे, दोन किलोमीटरवर पुन्हा बसलो आहे. गावातला पंक्चरवाला ही ट्यूब पाहून हात जोडतो, कारण बारीक व्हॉल्व्हला त्याचा पंप बसत नाही. शंभर-दीडशे रुपयांचा पितळी अडॅप्टर खिशात ठेवला की त्याचंही काम होतं आणि आपलंही.

पावसाळा संपता संपता पेडल मारताना बुडातून कटकट आवाज यायला लागला. दुकानात सांगितलं सीटपोस्टला ग्रीस नाही. ग्रीस लावलं, आवाज तसाच. मग म्हणाले पेडल, मग म्हणाले तुमचे बूट. तीन फेऱ्यांनंतर शहरातल्याच एका म्हाताऱ्या मेकॅनिकने क्रँक काढून बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग) उघडली. आत पाणी, माती आणि गंजलेलं बेअरिंग. बीबी दाबून बसवायची नसून आट्यांची आहे, म्हणून अर्ध्या तासात बदलून झाली. सायकल घेताना हा प्रश्नही विचारा. आट्यांची बीबी कोणत्याही गावचा मिस्त्री उघडू शकतो.

सीट पहिल्या महिन्यात बदलली, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. ज्याचं त्याचं बूड.

सपाटीचं सांगायचं तर ही सायकल खरी खुलते चांदोरी, सायखेडा, नांदूरमध्यमेश्वर या पट्ट्यात. गोदावरी कधी उजवीकडे, कधी डावीकडे, पाणी उतरलं की चांदोरीला पात्रातली जुनी दगडी मंदिरं उघडी पडलेली, आणि हँडल खाली धरून तासाला अठ्ठावीस-तीसचा वेग. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं ते पाणथळ २०२० मध्ये रामसर यादीत गेलं, राज्यातलं पहिलं. जानेवारीत भल्या पहाटे तिकडे जायचं तर बोटांची टोकं झाकणारे हातमोजे हवेत. निफाडचा पारा पेपरात वाचणं वेगळं आणि ब्रेकच्या लिव्हरवर हाताने अनुभवणं वेगळं. अजून एक: द्राक्षांच्या दिवसांत सकाळी ब्लोअर लावलेले ट्रॅक्टर फवारणी करतात आणि वारा रस्त्याकडे असेल तर आपलीही फवारणी होते. तोंडाला बांधायला पंचा ठेवा.

सिन्नरला गोंदेश्वरासाठी तीनदा गेलो. यादवकाळातलं काळ्या दगडाचं पंचायतन, सकाळी आठला आवारात कुणी नसतं. पण मोहदरी घाटात ट्रकच्या शेजारून चढणं मला अजूनही आवडत नाही, आणि त्यात सायकलचा काही दोष नाही. त्र्यंबकचा रस्ता सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे जागोजागी खोदलेला. अंजनेरीपर्यंत जातो, पुढे जायचं तर मोठी लाइट आणि मोठं मन लागतं.

२०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हापासून आमच्या शहरात दर तिसऱ्या सोसायटीत एक महागडी सायकल कपडे वाळत घालायला उभी आहे. त्यामुळे लोक विचारतात, तू रेस करणार का? जानेवारीत २०० किलोमीटरची एक बीआरएम केली, म्हणजे शर्यत नव्हे, ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब फेरी. साडेतेरा तासांची मुदत असते, मला अकराच्या जवळ लागले. वेगाचं म्हणाल तर गिरणाऱ्यापर्यंत मी जुन्या सायकलपेक्षा जेमतेम आठ मिनिटं आधी पोहोचतो. पंचाहत्तर हजार भागिले आठ, हा भागाकार बायकोने एकदा केला होता. पण गिरणाऱ्याला आता मी थांबतच नाही. तिथला चहावाला दुरूनच हात करतो आणि चहा परतीला घेतो.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कॅसेटचा कापला, अर्धा पॅडचा, अर्धा बीबीपायी घातलेल्या तीन फेऱ्यांचा.

जुनी हायब्रिड विकलेली नाही. वडील तिच्यावर सकाळी दूध आणायला जातात, आणि पंक्चर झाली की काही न बोलता माझ्या खोलीच्या दारात लावून ठेवतात.