दाव्याची कागदपत्रं होस्ट करायला देताय? आधी हे वाचा

दाव्यातल्या ईमेल आणि फायली सर्व्हरवर ठेवून वकिलांना रिव्ह्यूसाठी उपलब्ध करून देणाऱ्या एका कंपनीने आम्हाला पद्धतशीर लुबाडलं. नाव लिहीत नाही, पण पद्धत सगळी सांगतो, कारण तोच प्रकार दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत होऊ शकतो.

त्यांचा दर महिन्याचा दर जीबीमागे सगळ्यांत कमी होता. बैठकीत ‘तुम्ही द्याल तेवढ्याच डेटाचे पैसे’ असं सांगितलं, करारात मात्र शब्द होता ‘होस्ट केलेला डेटा’. पीएसटी (आउटलुकचे मेल साठवणारी फाइल) किंवा झिप फाइल उघडली की आतल्या जोडफायली सुट्या होतात, सर्चसाठी मजकूर वेगळा काढला जातो, इंडेक्स तयार होतो. डेटा फुगतो हे खरंच आहे. पण बिल त्या फुगलेल्या आकड्यावर येणार, हे कुणी तोंडातून काढलं नाही. पहिलंच बिल दिलेल्या डेटाच्या दुपटीहून जास्त जीबीचं आलं.

खरी लबाडी डुप्लिकेट काढण्यात होती. एकच मेल दहा जणांना गेला असेल, तर हॅश (मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा ओळख-कोड) जुळवून त्याची एकच प्रत रिव्ह्यूला ठेवायची आणि बाकी नऊ जणांची नावं तिच्या नोंदीत टाकायची, असं ठरलं होतं. त्याचे वेगळे पैसेही घेतले. प्रत्यक्षात त्यांनी प्रत्येकाच्या मेलबॉक्सपुरतेच डुप्लिकेट काढले. रिव्ह्यू करणारे वकील ‘हा मेल कालच पाहिला’ म्हणू लागले तेव्हा आम्ही हॅशच्या रकान्यासह पूर्ण यादी मागवली. नुसते मूळ मेल घेतले, कारण जोडफायली वेगवेगळ्या मेलना लागून रास्तपणेच पुन्हा येतात. हॅशप्रमाणे क्रम लावल्यावर एकेक हॅश ओळीमागून ओळी दिसत होता. यात पैशांपेक्षा मोठा धोका होता. एका प्रतीवर वकील-अशील गोपनीयतेचा टॅग होता आणि तोच मेल दुसऱ्या प्रतीत ‘समोरच्या बाजूला द्यायचा’ या गठ्ठ्यात पडला होता. तो वेळेत सापडला नसता तर आमच्या सल्ल्याचं पत्र प्रतिपक्षाच्या हातात गेलं असतं. एवढ्यासाठी मला या लोकांचा अजूनही संताप येतो. शिवाय एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या, माहीत असलेल्या सॉफ्टवेअर फायलींच्या यादीवरून सहज वगळता येणाऱ्या विंडोजच्या सिस्टिम फायलीही आमच्या जागेत भाड्याने बसल्या होत्या.

कंपनी बदलायचं ठरवलं तर म्हणाले, मूळ फायली घेऊन जा. टॅग, वकिलांचे शेरे, काळं केलेला मजकूर आणि पानांचे क्रमांक हवे असतील तर एक्स्पोर्टचा खर्च वेगळा. करारात त्याचा दरच नव्हता. कोर्टाची तारीख जवळ होती आणि होस्टिंगचं मीटर चालूच होतं. पैसे भरावे लागले. वकिलांच्या नोटिशीनंतर डुप्लिकेट काढण्याची रक्कम तेवढी परत मिळाली.

म्हणून सही करण्याआधी बिल कोणत्या आकारावर लागणार आणि डुप्लिकेट सगळ्या मेलबॉक्समध्ये मिळून काढणार का, हे लेखी घ्या. एक्स्पोर्टचा दर करारातच लिहून घ्या. पहिल्याच महिन्यात थोडी कागदपत्रं टॅगसकट लोड फाइलमध्ये (कागदपत्रं आणि त्यांच्या नोंदी दुसऱ्या सिस्टिममध्ये चढवण्यासाठीची फाइल) काढायला लावा आणि ती दुसऱ्या सिस्टिममध्ये उघडतात का ते बघा. बॅकअपसह सगळा डेटा पुसल्याचं प्रमाणपत्र किती दिवसांत देणार, हेही घाला. आम्हाला ते अजून मिळालेलं नाही. पत्रव्यवहार चालू आहे.