पद्मिनी: पेट्रोलवरच ठेवावी की विजेवर न्यावी?

वडिलांची जुनी पेट्रोल गाडी, प्रीमियर पद्मिनी, रत्नागिरीच्या घरी पडवीत उभी आहे. १०८९ सीसीचं इंजिन ठेवावं की विजेची मोटर बसवावी?

इंजिन ठेवलं तर कार्ब्युरेटर साफ करून देणारा मिस्त्री अजून सापडतो. सुटे भाग मात्र जुन्या बाजारात शोधावे लागतात, आणि आंबा घाटात रेडिएटरवर डोळा ठेवावा लागतो.

मोटर बसवली तर इंजिन तापायची धास्ती नाही. शिवाय उतारावर थोडी वीज बॅटरीत परत येते. खरी अडचण वजनाची. बॅटरी डिकीत गेली की मागचे पाटे (स्प्रिंगा) दबतात, आणि ब्रेक जुने ड्रमचेच. त्यात आपली खारी हवा! पत्रा आतून खाल्लेला असेल तर बॅटरीचा सांगाडा वेल्ड करणार कशावर? तांब्याच्या जोडांवर हिरवा कळंक चढतो, वर चार महिने पाऊस. चार्जिंगसाठी पडवीत अर्थिंग चोख हवं. मोटर-बॅटरीचं किट मान्यताप्राप्त हवं, आरटीओत आरसीवरची इंधनाची नोंदही बदलून घ्यायला हवी.

रोज गावातल्या गावात फिरायचं असेल तर मोटर बरी. आमची गाडी गणपतीत लांब निघते. मी इंजिनच ठेवतोय, पण आधी तळाचा पत्रा बदलून.