लो ऑर्बिट आयन कॅनन: भारचाचणीला निरुपयोगी साधन

स्वतःच्या सर्व्हरला किती भार पेलवतो हे तपासण्याच्या नावाखाली मिळणारे हे मोफत साधन मी घरातल्या दोन जुन्या संगणकांवर, इंटरनेटची वायर काढून, वापरून पाहिले. सर्व्हरचा पत्ता भरायचा, माहिती पाठवण्याची पद्धत (टीसीपी, यूडीपी किंवा एचटीटीपी) निवडायची आणि मोठे बटण दाबायचे, की त्या पत्त्यावर मागण्यांचा भडिमार सुरू; एवढेच काम. प्रतिसादाला लागलेल्या वेळेचा आलेख मात्र मिळत नाही, आणि चाचणीत हवा असतो तो तोच. डिसेंबर २०१०मध्ये मास्टरकार्ड, व्हिसा आणि पेपॅल यांची संकेतस्थळे अशा भडिमाराने ठप्प पाडण्याच्या हल्ल्यांत अनेकांनी हेच बटण दाबले. हे साधन पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील त्याच्या जोडणीचा क्रमांक) लपवत नाही, त्यामुळे त्याचा माग काढता येतो. जुलै २०११मध्ये पेपॅल प्रकरणी अमेरिकेत १४ जणांना अटक झाली, त्यांत विशीतले अनेक तरुण होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. भारचाचणीसाठी, तीही सर्व्हरच्या मालकाची लेखी परवानगी घेऊन, मी अपाचे जेमीटर वापरतो.